बिनबोलावता मॅक

आमच्या घरातला संगणक मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः जोडलाय. त्यावर मॅकओएस चालतं. चालतं म्हणजे, नुकतं तापातून उठलेलं माणूस भिंत धरून चालतं तसं. या प्रकाराला हॅकिंटॉश म्हणतात. परवान्यात स्पष्ट लिहिलंय की ही सिस्टिम फक्त ॲपल कंपनीच्याच मशीनवर टाकावी. वर तिच्या पोटात 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' नावाची फाइलही आहे. दारावरची पाटी नीट वाचून आत शिरलेला मी. तक्रारीला तोंड कुठलं?

जून 2025 मध्ये टाहो हे नवं मॅकओएस जाहीर झालं आणि इंटेलच्या प्रोसेसरवरची ही शेवटची आवृत्ती, असंही कळलं. शहाणी माणसं पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबतात. मी त्याच आठवड्यात बीटा उतरवला.

पहिल्या रात्री काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी सरकल्या आणि 'एक्झिटबीएस स्टार्ट'पाशी थांबल्या. शेवटचा शब्द 'स्टार्ट', आणि तिथेच सगळं ठप्प! असल्या मशीनवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या ओपनकोअर या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ढीगभर नोंदी असतात. त्यातल्या एका 'फॉल्स'चं 'ट्रू' केलं की गाडी सुटते; कुठल्या, ते कोणी सांगत नाही. लिलू नावाचा एक केक्स्ट, म्हणजे सिस्टिमला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा, आहे, त्याला तर 'बाबा रे, बीटावरही काम कर' अशी वेगळी विनवणी लिहून द्यावी लागते. चौथ्या रात्री डेस्कटॉप दिसला.

मग यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजतं, आणि निळ्या तोंडाचा एक पोर्ट दोन धरतं: एक जुन्या वेगाचा, एक नव्या. त्यामुळे टेबलाखाली पालथं पडून, दातात टॉर्च धरून, प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह खुपसत कोणाला ठेवायचं नि कोणाला वगळायचं याची यादी केली. लग्नाच्या आमंत्रणांची करतात तशीच. आणि तशीच, जवळची माणसं राहून गेली. पुढचे दोन्ही पोर्ट मी कापले. म्हटलं, लागतात कशाला?

दुसरा बीटा टाकला आणि आवाज गेला.

बाबांना सकाळी चहाबरोबर नाट्यसंगीत लागतं. ते स्पीकरकडे बघत बसले. "काय रे, विंडोजवर येत होता ना आवाज?"

"बाबा, जरा थांबा, आकडा शोधतोय."

खोटं नव्हतं ते. साउंड चिपला 'एएलसीआयडी'चा एक आकडा द्यावा लागतो. एक लावला, रीस्टार्ट. दोन, रीस्टार्ट. तीन, पाच, सात. मटका खेळणाऱ्याला निदान उधारी मिळते. रात्री दोनला समजलं की आकड्याचा प्रश्नच नव्हता. ॲपलएचडीए हा ड्रायव्हरच काढून टाकलाय. टाहो चालणारी इंटेलची खरीखुरी मॅक चारच मॉडेलं, सगळ्यांत ॲपलची टी2 चिप, आणि त्यांचा आवाज तिच्या वाटेने जातो. जुना ड्रायव्हर हवा होता तो माझ्यासारख्यांनाच. बिनबोलावता पंगतीत बसायचं आणि वर पापड नाही म्हणून कुरकुरायचं, त्यातली गत.

यावर उपाय यूएसबी साउंड डाँगल. आणला. बाबांच्या देखत पुढच्या पोर्टात लावला. दिवासुद्धा लागला नाही. दुसऱ्यात लावला, तोच प्रकार. मग आठवलं, हे दोघे यादीतले नव्हेत.

मागे हात घालून चाचपडलं. चालू पोर्ट सगळे भरलेले. बाबा म्हणाले, "ते एवढंसं काय आहे, ते काढ की."

काढलं, त्या जागी डाँगल लावला, आणि शेजारच्यांची झोप उडेल अशी तान घुमली.

"कमी कर, कमी कर!" बाबा ओरडले.

मी माऊस हलवला. कीबोर्ड बडवला. दोघांचा मिळून एकच रिसीव्हर होता, आणि तो बाबांच्या तळहातावर होता.