काकूंची कंबर आणि आपली मशिनं

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. बडोद्यातल्या फिजिओ मित्रमैत्रिणींनो, राग आला तर येऊ दे.

रावपुऱ्यातल्या एक काकू आल्या. साधी कंबरदुखी. पायात मुंग्या नाहीत, काही नाही. आधीच्या क्लिनिकची फाइल सोबत: रोज आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार, तपासणीची सोनोग्राफी नव्हे), ट्रॅक्शन (कंबर ताणणं). व्यायाम? शेवटी एक कागद, इतक्यांदा झेरॉक्स काढलेला की चित्रातल्या माणसाला गुडघेच उरले नव्हते. वर पेनाने लिहिलेलं, 'पुढे वाकू नये'. काकूंनी तेवढंच मनापासून पाळलं. दिवाळीत दारात रांगोळी नाही, सुनेने स्टिकर चिकटवला.

अरे, ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ सालीच सांगितलंय की कंबरदुखीला ही तिन्ही देऊ नका, व्यायाम द्या, हिंडतं-फिरतं ठेवा. कॉन्फरन्सला हेच ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि सोमवारी अल्ट्रासाउंडच्या जेलची बाटली उघडायची!

म्हणे रिसर्च पेपर वाचायला पैसे पडतात. सिडनीहून चालणारं पेड्रो, म्हणजे फिजिओथेरपीच्या अभ्यासांचं ऑनलाइन भांडार, १९९९ पासून फुकट आहे, निदान सारांश तरी वाचा. म्हणे रिसर्च तिकडचं, आपले पेशंट वेगळे. पक्षाघातानंतर घरच्यांना व्यायाम शिकवून फायदा होतो का, हे बघणारा अटेंड अभ्यास आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत झाला, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. पटो न पटो, किती जणांनी वाचला?

हां, मान्य, अभ्यासात पेशंटला मिळतो तेवढा वेळ आपल्या ओपीडीत कुठून आणायचा? बाहेर बाक भरलेला. त्यात समजावत बसलं की पेशंटच म्हणतो, "मशीन नाही लावणार? मग पैसे कसले?" काकूंनीही विचारलंच. बिलात मशीनची ओळ असते, शिकवण्याची नसते. सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

काकूंवर कशी चिडणार? वाक म्हटलं तर टेबलाची कड घट्ट धरून उभ्या. "नको गं, डॉक्टरांनी नाही सांगितलंय." खाली नाणं टाकलं, उचला म्हटलं. उचललं की! आणि हळूच म्हणाल्या, "घरी पण वाकते मी, सून नसताना."

रविवारी सकाळी माझ्या क्लिनिकवर या. एकेक पेपर घेऊन बसू, शेव-उसळ माझ्याकडून. मशीनचे हप्ते चालू असतील त्यांनी तर नक्की या, फी कशी लावायची तेही बोलू.