अडीचपट एमसीबी लावला की रिले नको?

मागच्या आठवड्यात बहिणीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर टाकलं: 'मोटरसाठी एनईसीचे पाच नियम, परीक्षेत हमखास'. एनईसी म्हणजे वायरिंगच्या नियमांचं पुस्तक, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. तिने टाकलं ते कौतुकाने. तिचा मुलगा बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) विजेची पॅनेलं बनवणाऱ्या एका शेडवर नुकताच लागलाय. तिथली पॅनेलं अमेरिकेला जातात, म्हणून त्याला तिकडच्या कोडमधलं मोटरचं प्रकरण शिकायला सांगितलंय. रविवारी तो दांडिया बाजारात आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा ते पाचही नियम त्याच्या वहीत लाल पेनाने उतरवलेले होते. "मामा, एवढं पाठ केलं की मोटरचं झालं ना?" जेवणाचं पान तसंच ठेवून मी ती वही ओढून घेतली. हेच पोस्टर त्याआधी मला आणखी तीन ग्रुपवर आलं होतं, पण मी पुढे सरकवून दिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पोस्टरवर लिहिलंय, 'भारत सरकारचा एनईसी, कलम 430'. घोळ इथूनच सुरू होतो. एनईसी दोन आहेत. आपला भारतीय मानक ब्यूरोचा, एसपी 30. आणि अमेरिकेचा, एनएफपीए 70. कलम 430 हे अमेरिकेच्या कोडातलं मोटरचं कलम आहे. आद्याक्षरं सारखी, म्हणून कुणीतरी तिकडचे आकडे उचलले, अर्धेच उचलले, आणि वर भारत सरकारचं नाव चिकटवलं.

पहिला नियम असा: 'एमसीबी फुल लोडच्या अडीचपट घ्या, मग ओव्हरलोड रिलेची गरज नाही.' फुल लोड म्हणजे पूर्ण भारावर मोटर घेते तो करंट. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की सर्किट तोडणारा ब्रेकर. ओव्हरलोड रिले म्हणजे मोटर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ घेत राहिली तर तिला बंद करणारा. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होणार आहे, म्हणून यावर थांबतो.

अडीचपट हा आकडा खोटा नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. 430 मध्ये साध्या ब्रेकरसाठी 250 टक्के लिहिलेत. पण ती वरची हद्द आहे, आणि ती फक्त शॉर्ट सर्किट आणि अर्थ फॉल्ट (करंट जमिनीकडे फुटणं) यांच्यापासून संरक्षणासाठी आहे. मोटर सुरू होताना काही सेकंद फुल लोडच्या सहा-सात पट करंट घेते. तेवढ्याने ब्रेकर उडू नये म्हणून त्याला ही मोकळीक दिली. आणि मोकळीक देता आली ती याच कारणाने, की ओव्हरलोड बघायला दुसरा राखणदार त्याच कलमात आधीच बसवलाय. या कोडात मोटरच्या सर्किटला राखणदार दोन आहेत. पोस्टरने एकाची सवलत वाचून दुसऱ्याला घरी पाठवलं.

आता हिशेब करू. 7.5 एचपीची मोटर, 415 व्होल्टवर साधारण 11 अँपिअर. अडीचपट म्हणजे साडेसत्तावीस, म्हणून दुकानातून 32 चा एमसीबी येणार. मोटरला येणाऱ्या तीन फेजच्या तारांपैकी एक फेज गेला, मोटर लोडवर आहे, म्हणजे उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोन पटीच्या आसपास जाणार, सुमारे 19. 32 च्या एमसीबीला 19 म्हणजे काहीच नाही, तो उडणारच नाही. 11 वर लावलेला रिले मात्र काही मिनिटांत तोडतो. ही काही मिनिटंच मोटर वाचवतात.

जळालेल्या मोटरचं झाकण ज्याने उघडलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अशीच एक मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या ओट्यावर उघडली. डेल्टा जोडणी होती, म्हणजे तिन्ही फेजच्या गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या. एका फेजच्या गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या, आणि त्यांच्या मधेमधे बाकी दोन फेजच्या गुंडाळ्या नवीन असल्यासारख्या चकचकीत. रिवाइंडिंगवाला नुसतं बघून म्हणाला, "फेज गेला होता." डेल्टात एक फेज गेला की एका गुंडाळीतून बाकीच्या दोघींच्या दुप्पट करंट जातो, त्यामुळे एकच फेज जळतो, स्टार (तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असती तर दोन जळाले असते. त्या स्टार्टरमध्ये रिले होता. कुणीतरी त्याला वळसा घालून तार थेट जोडून टाकली होती, कारण 'सारखा उडायचा'.

आणि प्रश्न एकट्या मोटरचा नाही. अमेरिकेच्या कोडात 12 गेजची तार 35 च्या ब्रेकरवर मोटरसाठी चालते. एवढ्या बारीक तारेवर एवढा मोठा ब्रेकर बघून शिकणाऱ्याला धक्काच बसतो, भाच्यालाही बसला. ती चालते कारण तिला ओव्हरलोडपासून रिले सांभाळतो. रिले काढला की बारीक तार आणि मोठा ब्रेकर एवढंच उरतं, म्हणजे आग लागायची सोय.

एक मात्र मान्य आहे. एमपीसीबी, म्हणजे खास मोटरसाठीचा ब्रेकर, असेल तर वेगळा रिले लागत नाही, कारण ओव्हरलोड त्याच्या पोटातच असतो. पण पोस्टरवर एमसीबी लिहिलंय, एमपीसीबी नाही.

दुसरा नियम: 'रिले सारखा उडत असेल तर डायल शेवटपर्यंत फिरवा.' डायल म्हणजे रिले किती करंटला लावायचा ते ठरवणारी चकती. म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडा. अरे, तो का उडतोय ते बघा. बेअरिंग जाम आहे का, टर्मिनल सैल आहे का, तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. उलट आपल्याकडे डायल मुळातच जास्त लावलेला सापडतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (जो मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात आणतो) रिले बहुधा गुंडाळीच्या वाटेत असतो, तिथे लाइनच्या 58 टक्केच करंट जातो. वरच्याच मोटरला तिथे 6.4 लावायला हवं. लोक नेमप्लेट (मोटरवरची माहितीची पट्टी) वाचून 11 लावतात. रिले असून नसल्यासारखाच.

तिसरा, 'तार, ब्रेकर, रिले सगळं नेमप्लेटवरून'. आपल्या 415 व्होल्टला हे बरंचसं चालतं, कारण अमेरिकेच्या कोडात मोटरच्या करंटचा जो तक्ता आहे त्यात आपला व्होल्टेजच नाही. पण भाच्याच्या पॅनेलला चालणार नाही. तिकडे तार आणि ब्रेकर कोडाच्या तक्त्यावरून, फक्त ओव्हरलोड नेमप्लेटवरून. 460 व्होल्टच्या 10 एचपीला तक्ता 14 अँपिअर सांगतो: तार सव्वापट म्हणजे 17.5 ची, ब्रेकर 35 पर्यंत. नेमप्लेटवर 13 असेल आणि सर्व्हिस फॅक्टर (जादा भार झेलायची मुभा) 1.15, तर ओव्हरलोड नेमप्लेटच्या सव्वापट, 16.25 पर्यंत. कारण साधं आहे. मोटर उद्या बदलेल, दुसऱ्या कंपनीची येईल, भिंतीतली तार तीच राहील.

चौथ्या नियमाने मात्र माझं डोकं फिरलं. 'अर्थिंग मिळत नसेल तर न्यूट्रल बॉडीला जोडा.' हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी तुटलेला न्यूट्रल बघितला नसावा. न्यूट्रल मागे कुठेतरी सुटला आणि त्यावर एखादा दिवा जरी चालू असला, की मोटरची बॉडी फेजच्या व्होल्टेजवर येते. रावपुऱ्याकडे एका दळणाच्या घंटीवर (पिठाच्या गिरणीवर) मी स्वतः मोजलंय: घंटीचा पत्रा आणि ओली फरशी यांच्यात मीटरवर 218 व्होल्ट. बाजूला पिठाचे डबे घेऊन बायका उभ्या होत्या. आपला नियम 1956 पासून सांगतोय, आणि पुढे वीज प्राधिकरणाच्या विनियमांतही तो आहे, की 250 व्होल्टच्या वरच्या अशा मोटरच्या फ्रेमला दोन वेगवेगळी अर्थ कनेक्शनं द्यायची. दोन, म्हणजे एक गंजून तुटलं तरी दुसरं राहतं. न्यूट्रल त्यात कुठेच बसत नाही.

पाचवा, 'स्टॉप बटण जवळ असलं की आयसोलेटर नको'. आयसोलेटर म्हणजे मोटरची वीज पूर्ण तोडणारा स्विच. स्टॉप दाबल्यावर फक्त कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल सुटते. कॉन्टॅक्ट चिकटलेले असतील तर मोटर जिवंतच राहते, आणि पट्टा बदलणाऱ्याचा हात आत असताना पलीकडून कुणीही स्टार्ट दाबू शकतो. 430 मध्ये हा तोडणारा स्विच मोटरवरून दिसेल असा आणि 50 फुटांच्या आत लागतो.

भाच्याने ते पान फाडलं नाही, प्रत्येक नियमावर काट मारून शेजारी कारण लिहिलं. त्या पानाचा फोटो मी बहिणीला पाठवलाय आणि पोस्टर टाकलं त्याच ग्रुपवर टाकायला सांगितलंय.