वहीत नाव नाही म्हणजे पूर्वज शिकलाच नव्हता?

“आयर्लंडची सगळी कागदपत्रं १९२२ साली जळाली. उरलं ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं एक पुस्तक. त्यात नाव नसेल तर तुमचा पूर्वज विद्यापीठात गेलाच नव्हता. कॅथलिक असेल तर शोधूच नका, त्यांना १८७३ पर्यंत बंदी होती.” आयरिश वंशवेल शोधणाऱ्यांमध्ये हा सल्ला सतत फिरत असतो. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी आगीचं पाहू. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळाला. मृत्युपत्रं, जुन्या जनगणना, चर्च ऑफ आयर्लंडच्या अनेक नोंदवह्या गेल्या. (१८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र त्याआधीच सरकारनेच नष्ट केल्या होत्या, आगीच्या नावावर त्याही खपतात.) ट्रिनिटीच्या प्रवेशवह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्या कॉलेजातच होत्या आणि आजही आहेत.

सल्ल्यातलं ते पुस्तक म्हणजे ‘अलम्नाय डब्लिनेन्सेस’, ट्रिनिटीच्या विद्यार्थ्यांची छापील यादी. १९२४ साली निघालं, १९३५ च्या आवृत्तीत १८६० पर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. भारतीय भाषांचं सर्वेक्षण करून मराठीला त्यात अख्खा खंड देणारे जॉर्ज ग्रियर्सन ट्रिनिटीचेच, पण जन्म १८५१ चा. त्यांना त्या पुस्तकात शोधून उपयोग काय?

जिथे नोंद सापडते तिथे मात्र ती घसघशीत असते. जोनाथन स्विफ्टची १६८२ ची लॅटिन नोंद पाहा: वय चौदा, वडिलांचं नाव, जन्म डब्लिन परगण्यात, शिक्षण किलकेनीला रायडर मास्तरांच्या ‘छडीखाली’. हा शब्दशः अर्थ आहे, माझी मल्लिनाथी नाही. ‘सायझर’ शब्द दिसला तर मुलगा गरीब होता. फी माफ, बदल्यात कॉलेजात पडेल ते काम. वार लावून शिकलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळं समजवायला नको. ऑलिव्हर गोल्डस्मिथ असाच सायझर होता.

बंदीच्या मुद्द्यात दोन कायद्यांची गल्लत आहे. कॅथलिकांना ट्रिनिटीची पदवी १७९३ पासून मिळू लागली. १८७३ ला खुल्या झाल्या त्या फेलोशिपसारख्या जागा. शिवाय धर्माच्या रकान्यावर फार विसंबू नये. कॅथलिक घरातला कवी टॉमस मूर वहीत प्रोटेस्टंट म्हणून लागला आहे.

आणि मुळात ट्रिनिटीच का? अल्स्टरचे, म्हणजे उत्तरेकडचे, प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जात. तिथल्या पटावर नावापुढे ‘हायबर्नस’, म्हणजे आयरिश, असं दिसतं. कॅथलिक पाद्री व्हायचं असेल तर १७९५ नंतर आयर्लंडमधलंच मेनूथचं कॉलेज, त्याआधी सालामांका, लूव्हाँ, पॅरिस, रोम. बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवेची क्वीन्स कॉलेजं १८४९ ला उघडली. १८८० च्या रॉयल युनिव्हर्सिटीचं काम फक्त परीक्षा घेऊन पदव्या देण्याचं, त्यामुळे तिचा पदवीधर कुठल्याच कॉलेजच्या पटावर नसेल, असंही होऊ शकतं. १८८४ साली याच विद्यापीठाने नऊ स्त्रियांना पदव्या दिल्या. ट्रिनिटीने मुलींना दार उघडलं ते १९०४ ला. तेव्हा पणजीची पदवी शोधायची असेल तर आधी रॉयलच्या याद्या काढा.