कोवळ्या उन्हाच्या त्या मेसेजबद्दल

गेले आठ दिवस तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सकाळी 7 ला 15 मिनिटं कोवळ्या उन्हात बसा, डी व्हिटॅमिन भरून निघतं, खिडकीतून आलेलं ऊन पण चालतं, सूर्याकडे एकटक बघा म्हणजे नजर सुधारते, डिप्रेशन जातं, गोळ्या बंद करा. यात सकाळी उजेडात जा एवढंच खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतंय, म्हणून लिहितेय.

आधी डी व्हिटॅमिन. आमची आई दोन वर्षं नेमाने सकाळी सातला गॅलरीत बसायची, सरकत्या काचा बंद, अंगावर शाल, हातात चहा. रिपोर्टमध्ये डी आलं 9, जे निदान 20 च्या वर हवं. तिला वाटलं लॅबवाल्यांनीच घोळ घातला. पण घोळ वेळेचा आणि काचेचा होता. कातडीत डी बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे, आणि सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा किरणं हवेतून तिरकी येतात, वाटेतच ओझोन यूव्हीबी जवळपास सगळं शोषून घेतो, जे काही उरतं ते खिडकीची काच अडवते. ऊब लागते म्हणून आपल्याला वाटतं काहीतरी मिळतंय, पण ऊब वेगळी आणि यूव्हीबी वेगळं. सावली बघा, ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच डी बऱ्यापैकी बनतं. पुण्यात ऐन डिसेंबरात पण भर दुपारी ती थोडी आखूडच पडते, म्हणजे ऊन बारा महिने आहे, फक्त सातचं नाही. हातपाय उघडे हवेत, आणि सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो.

मग सकाळी बाहेर जाऊच नये का? जावंच, पण कारण वेगळं आहे आणि ते डोळ्यातून जातं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी असतात ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाहीच, त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की उजाडलं. 2002 साली त्यांचा नीट उलगडा झाला. हा निरोप सकाळी लवकर पोचला की रात्री झोप वेळेवर येते, आणि झोप रुळावर आली की चिडचिड किती कमी होते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. उजेड लक्समध्ये मोजतात, घरात ट्यूबलाइटखाली 200-300 लक्स असतात, बाहेर ढगाळ हवेत पण काही हजार. त्यामुळे झाडाखालून चाललात तरी चालतं, पावसाळ्यात छत्री घेऊन गेलात तरी चालतं.

सूर्याकडे बघायचं मात्र अजिबात नाही. पडदा भाजतो, आणि पडद्याला दुखत नाही म्हणून भाजताना कळतच नाही. नजरेच्या मधोमध पडलेला डाग कधीकधी कायमचा राहतो.

आता गोळ्या. प्रकाशाचा उपचार खरा आहे. 1984 साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या डिप्रेशनवर तो मांडला, आज त्यासाठी 10,000 लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास वापरतात. 2016 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी 122 पेशंटवर तो बारमाही डिप्रेशनसाठी तपासला, नुसत्या प्रकाशाने पण फायदा दिसला, पण सगळ्यात चांगला गुण आला तो प्रकाश आणि फ्लुऑक्सेटिनची गोळी दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना. आणि बायपोलर (मन कधी खूप खचतं, कधी नको इतकं उसळतं असा आजार) असलेल्यांना असा प्रखर प्रकाश उलटा पडू शकतो, मन एकदम वर उसळतं, म्हणून तो डॉक्टरला विचारूनच. माझ्या जवळच्या एकीने असाच मेसेज वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात ती अंथरुणातून उठेना, केस विंचरायला पण नको म्हणायची. परत गोळ्या सुरू होऊन सावरायला चार महिने गेले. फॉरवर्ड करायचंच असेल तर निदान ते वाक्य खोडून करा, हात जोडून सांगते.

आई आता डॉक्टरांनी दिलेली 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून घेते, आणि साडेअकराला गच्चीवर वाळवण हलवायला जाते, बाह्या वर करून. सातचा चहा पण गॅलरीतच, फक्त काचा उघड्या.