धक्का स्वस्त, हसू महाग

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) उतरायचं असेल तर नियमपुस्तक घोकत बसू नका. ते दरपत्रकासारखं वाचा. कुठल्या धक्क्याला किती, कुठल्या शिवीला किती, कुठल्या गोळीला किती, सगळं छापलेलं आहे. घासाघीस करायची असेल तर मैदानावर तीन पंच आहेत आणि न्यू जर्सीतल्या सकॉकस गावी २०१४ पासून वादाचे क्षण पडद्यावर पुन्हा तपासणारं अख्खं रिप्ले सेंटर उघडं आहे. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच्या ८२ सामन्यांत हे दर जरा चढे असतात. मग सोळा संघ उरतात, सात-सात सामन्यांच्या मालिका लागतात आणि मालावर सूट सुरू होते. जानेवारीत ज्या कोपरावर शिट्टी वाजते, त्याच कोपराला मे महिन्यात समालोचक 'झुंजार बचाव' म्हणतात.

सुरुवात फुकटच्या मालापासून करा. बारा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये संघाला चार साधे फाउल (नियमबाह्य धक्के) जवळजवळ मोफत आहेत. समोरच्याला फ्री थ्रो, म्हणजे बिनविरोध फेक, नाही, चेंडू फक्त बाजूने पुन्हा आत टाकायचा. पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो लागू होतात. चार क्वार्टरचे मिळून सोळा झाले, आणि यातले न वापरलेले पुढच्या क्वार्टरला जमा होत नाहीत, तेव्हा काटकसर करणारा इथे मूर्ख ठरतो. क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं उरली की शिल्लक साठा बाद होतो आणि हातात एकच राहतो, म्हणून आधीच संपवा. खेळाडूला स्वतःचे सहा मिळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात पाचच मिळतात, पण तिथे सामनाही चाळीस मिनिटांचाच. बाकावर बसलेला, फारसं काही न येणारा सात फुटी गडी दिसला तर त्याला खेळाडू समजू नका. ते सहा फाउल आहेत, उंच बांधणीचे. धिप्पाड सेंटर शकील ओनीलविरुद्ध प्रशिक्षक असेच फाउल खर्च करत, कारण त्याचे फ्री थ्रो निम्म्याहून थोडेच जास्त आत जायचे. चेंडू दुसरीकडे असताना अशी मुद्दाम मिठी मारणं २०१६-१७ पासून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत महाग झालंय. एक फ्री थ्रो जातो आणि चेंडूही त्यांच्याकडेच राहतो. उरलेली दहा मिनिटं मिठ्या मारा.

आता हाताकडे या. कला इथेच आहे. चेंडू घेऊन तोंड तुमच्याकडे करून येणाऱ्याच्या कमरेवर पंजा टेकवला तर तो हँडचेक. २००४-०५ च्या मोसमापासून त्यावर कडक नजर आहे. तोच माणूस बास्केटजवळ तुमच्याकडे पाठ करून उभा राहिला की त्याच पाठीवर हाताचा पुढचा भाग आडवा लावायला परवानगी आहे. तेव्हा त्याची पाठ फिरेपर्यंत धीर धरा, मग कोपर दुमडा, मूठ बंद ठेवा आणि वजन हातातून न देता मांड्यांतून द्या. हात ताठ झाला की पंचाला ढकलणं दिसतं, दुमडलेला राहिला की 'जागा राखणं' दिसतं. पंजा उघडला तर बोटं आपोआप जर्सीत अडकतात आणि टीव्हीवर त्या सुरकुत्या फार स्पष्ट दिसतात. समोरून येणाऱ्याला अडवताना दोन्ही हात आकाशाकडे आणि छाती पुढे. उंचावलेल्या हातांकडे बघून पंचाला तुमच्या सज्जनपणाची खात्री पटते, तोवर छातीने काम उरकलेलं असतं. दादरला उतरण्यासाठी कुर्ल्यापासूनच दाराकडे सरकणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पंच तिघे, त्यांच्या जागाही तीन. एक बास्केटखाली बेसलाइनवर, एक मागे मध्यरेषेच्या बाजूला, तिसरा समोरच्या कडेला फ्री थ्रो रेषेच्या आसपास. चेंडूची बाजू बदलली की बेसलाइनवरचा पंचही बाजू बदलायला चालू लागतो. ते दोन-तीन सेकंद तुमचे. त्याच्या आणि तुमच्या मध्ये कुणाचं तरी धूड येईल असं उभं राहा, पलीकडच्या हाताने समोरच्याची चड्डी नाडीजवळ धरा आणि चेंडू त्याच्याकडे निघताच सोडा. नवशिक्यांची चूक अशी, की चेंडू पोचल्यावरही धरून ठेवतात. मग त्याचा हात पुढे जातो, अंग मागे राहतं आणि ते ओढलेपण शेवटच्या रांगेतूनही दिसतं. स्क्रीन लावताना, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून उभं राहताना, पाय रोवलेले दाखवा, कंबर मात्र शेवटच्या क्षणी बाहेर काढा. पकडलं गेलात तर चेंडू जाईल आणि तुमच्या नावावर एक फाउल चढेल, पण आक्रमण करतानाचा फाउल संघाच्या चारांत मोजत नाहीत. खात्याबाहेरचा खर्च.

एक गोष्ट मात्र करू नका. तीन गुणांचा फटका मारून खाली येणाऱ्याच्या पायाखाली पाय सरकवू नका. २०१७ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना सुरू होता. सॅन अँटोनियो तेवीस गुणांनी पुढे होता. गोल्डन स्टेटच्या झाझा पाचुलियाच्या पायावर सॅन अँटोनियोच्या कवाय लेनर्डचा घोटा आला. सॅन अँटोनियो तो सामना हरला आणि लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा उतरलाच नाही. पुढच्या मोसमापासून पंचांना असा प्रसंग पडद्यावर बघून फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाउल, ठरवायचा अधिकार मिळाला. म्हणजे ज्याने माल उचलला तो सुटला, दर वाढला तो मागाहून आलेल्यांसाठी. नवीन युक्ती वापरायची असेल तर पहिले तुम्ही वापरा.

फ्लॅग्रंटचं खातं वेगळं आणि ते मालिका संपली तरी बंद होत नाही. अनावश्यक धक्का म्हणजे फ्लॅग्रंट एक, त्याचा एक गुण. अनावश्यक आणि अतिरेकी म्हणजे फ्लॅग्रंट दोन, त्याचे दोन गुण आणि सामन्यातून थेट हकालपट्टी. प्लेऑफभर मिळून तीन गुणांपर्यंत उधारी चालते, चौथ्याला पुढचा सामना घरी. गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने २०१६ मध्ये अंतिम मालिकेला येईपर्यंत तीन गुण जमवले होते. चौथ्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाचा लेब्रॉन जेम्स त्याच्या अंगावरून ओलांडून गेला, ग्रीनचा हात नको तिथे गेला आणि मैदानावर न दिलेला फ्लॅग्रंट लीगने दोन दिवसांनी दिला. तोवर गोल्डन स्टेट ३-१ ने पुढे होता. पाचवा सामना ग्रीनविना हरला, मग सहावा, मग सातवाही. या कहाणीतून लोक संयम शिकतात. तुम्ही बेरीज शिका. पहिल्या फेरीत, किरकोळ गड्यांवर गुण उडवू नयेत.

त्याहून उत्तम म्हणजे तुमचा गुन्हा, पण बिल समोरच्याच्या नावावर. २००७ च्या प्लेऑफमधल्या एका मालिकेच्या चौथ्या सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट हॉरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला कंबरेने असं उडवलं की तो थेट मैदानाबाहेरच्या टेबलावर आदळला. फिनिक्सच्या बाकावरचे अमारे स्टोडमायर आणि बोरिस डियाव काही पावलं पुढे धावले. कुणाला हात लावला नाही, पण हाणामारीच्या वेळी बाक सोडला की किमान एक सामना बंदी, हा नियम. हॉरीला दोन सामने, त्या दोघांना एकेक. राखीव गड्याच्या दोन सामन्यांच्या बदल्यात एक प्रमुख सेंटर आणि एक हुकमी बदली खेळाडू, तेही मालिका २-२ असताना! पाचवा सामना सॅन अँटोनियोने ८८-८५ असा जिंकला, मालिका सहाव्यात संपवली आणि पुढे करंडकही उचलला. दहा वर्षं आधी मायामी आणि न्यूयॉर्कच्या मालिकेतही असंच झालं होतं. बाकावरून उठलेल्यांत पॅट्रिक यूइंगही होता. तेव्हा हॉरी व्हायचं नसेल तर निदान बाकाला चिकटून बसा. मित्र मार खात असेल तर बसल्या जागेवरून सहानुभूती दाखवा.

पडण्याची कला मात्र आता मंदीत आहे. २०२३-२४ पासून खोटं पडणाऱ्याला सामन्यातच टेक्निकल (धक्क्यासाठी नव्हे, वर्तनासाठीचा फाउल), समोरच्याला एक फ्री थ्रो आणि वर २,००० डॉलर दंड. पण यासाठी हकालपट्टी होत नाही. म्हणून पडा, फक्त उशिरा पडू नका. धक्का आणि किंचाळी यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडलं की घात होतो. मानेला झटका देऊ नका, केस उडतात आणि सावकाश दाखवलेल्या चित्रात तेच दिसतं.

तोंडाचे दर सर्वांत बेभरवशाचे. प्लेऑफमध्ये सात टेक्निकल झाले की एक सामना बंदी, म्हणजे सहापर्यंत मोकळीक. रशीद वॉलेसने २०००-०१ च्या एका मोसमात ४१ टेक्निकल घेतले आणि तो विक्रम अजून टिकून आहे. पण हसू नका. एप्रिल २००७ मध्ये डॅलसला सॅन अँटोनियोचा टिम डंकन बाकावर बसून हसत होता. पंच जोई क्रॉफर्डने त्याला दोन टेक्निकल देऊन बाहेर काढलं. लीगने क्रॉफर्डला उरलेल्या मोसमासाठी आणि प्लेऑफसाठी घरी बसवलं, आणि पंचांशी उर्मट बोलल्याबद्दल डंकनकडूनही २५,००० डॉलर वसूल केले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

न्याय मागायचा झालाच तर प्रशिक्षकामार्फत मागा. त्याने ताबडतोब टाइमआउट घ्यायचा आणि बोट गोल फिरवायचं, की पंचाच्या निर्णयाला आव्हान दिलं गेलं. टाइमआउट उरलेला नसेल तर न्यायही उरलेला नाही. पहिलं आव्हान बरोबर निघालं तर दुसरं मिळतं. अडचण एवढीच, की वाजलेल्या शिट्टीला आव्हान देता येतं, न वाजलेल्या शिट्टीला नाही. २०२४-२५ पासून एक फट ठेवली आहे. चेंडू कुणाकडून बाहेर गेला यावर आव्हान असेल आणि त्याच ओघात सुटलेला फाउल दिसला तर तो देता येतो. बाकी मौनाविरुद्ध दाद नाही. एप्रिल २०२५ मध्ये डेट्रॉइटचा टिम हार्डवे ज्युनियर अखेरच्या क्षणी तीन गुणांसाठी उडाला, न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर गेला, शिट्टी गप्प राहिली आणि न्यूयॉर्क ९४-९३ ने जिंकला. सामन्यानंतर मुख्य पंचाने सांगितलं की फाउल द्यायला हवा होता. गुणफलक काही लाजला नाही. अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल लीग २०१५ पासून दुसऱ्या दिवशी छापते. कोणती शिट्टी चुकली, कोणती राहिली, सगळं प्रामाणिकपणे, रकान्यात. आपल्याकडचे चौकशी अहवाल वर्षानुवर्षं येत नाहीत. तिकडे चोवीस तासांत येतो आणि तितकाच उपयोगी पडतो.

मुंबई-पुण्याहून पहाटे साडेपाचला उठून सामने बघणाऱ्यांनी कटकारस्थानाचा साठा तयार ठेवावा. २००२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात सॅक्रॅमेंटोविरुद्ध लॉस एंजेलिसच्या लेकर्सला एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो मिळाले, इथून सुरुवात करा. २००६ च्या अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात मायामीच्या ड्वेन वेडने एकट्याने २५ फ्री थ्रो घेतले, डॅलसच्या अख्ख्या संघाने मिळूनही तेवढेच, हे पुढे जोडा. मग आवाज खाली आणून टिम डॉनही हे नाव घ्या. ज्यांवर सट्टा लावत होता त्या सामन्यांत शिट्टी वाजवणारा हा पंच २००८ मध्ये तुरुंगात गेला. सॅक्रॅमेंटोचे आताचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले आणि २०१९ मध्ये संघ घेऊन वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध दोन सामने खेळवून गेले, दोन्ही हरले. त्यामुळे सॅक्रॅमेंटोचं दुःख आपलंही आहे असं म्हणायला हरकत नाही.

राहिलं औषधपाणी. गांजासाठी आता काळजी नको. २०२० मध्ये त्याची तपासणी थांबली आणि २०२३ च्या करारात तो बंदी यादीतूनच गेला. त्याआधीचे दर वाचण्यासारखे आहेत. पहिल्यांदा सापडलात तर उपचार, दुसऱ्यांदा २५,००० डॉलर, म्हणजे डंकनच्या बाकावरच्या प्रकरणाइतकेच, आणि तिसऱ्यांदा पाच सामने. कोकेनसारख्या गोष्टींना अजून किमान दोन वर्षांची हकालपट्टी आहे. ख्रिस अँडरसन, ओ. जे. मेयो, टायरिक इव्हान्स यांनी ती भोगली. मात्र पकडलं जाण्याआधी स्वतःहून येऊन सांगितलं तर पहिल्या वेळी शिक्षा नाही, फक्त उपचार. इतकी सोय साध्या फाउललाही नाही.

ताकदीच्या औषधांसाठी पहिल्या वेळी २५ सामने आणि प्रत्येक सामन्यामागे पगाराचा १/११० भाग. दुसऱ्यांदा ५५. उन्हाळ्यात पकडलं गेलात तर शिक्षा नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून मोजतात, म्हणजे वसंतातल्या प्लेऑफला तुम्ही ताजेतवाने. डब्यावरचं नाव मात्र चष्मा लावून वाचा. मिलवॉकीच्या बॉबी पोर्टिसला फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रॅमाडोलसाठी २५ सामने बसावं लागलं. त्याच्या बाजूने सांगितलं गेलं की त्याला टोराडोल घ्यायचं होतं, जे चालतं. दोन्ही वेदनाशामक, दोन्ही 'डोल'. मोसमाचे मोजके सामने उरले असताना तो परतला आणि प्लेऑफला हजर होता. फिनिक्सचा डीआंद्रे एटन २०१९ मध्ये मोसमाचा एकच सामना खेळला आणि लघवी वाढवणाऱ्या औषधापायी पुढचे पंचवीस बाहेर बसला.

आणि हे सगळं करायचं तर एनबीएच्या पगारपत्रकावर राहून करा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या छत्राखाली आलात तर भाव एकदम बदलतो. तिथे जाणूनबुजून घेतलेल्या स्टेरॉइडला चार वर्षं लागतात. पंजाबचा सातफुटी सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला, एनबीएत निवड झालेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. मुख्य लीगमध्ये एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१९ मध्ये भारतीय संघाच्या वर्तुळात असताना त्याच्या तपासणीत हायजेनामिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि नाडाने, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. पोर्टिसचे पंचवीस सामने दोन महिन्यांत संपले होते. सतनाम २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत गेला. तिथे धक्का, पडणं आणि नेमक्या वेळी पंचाने पाठ फिरवणं हे सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल छापत नाही.