वेगळं निघताना माजघराचं काय करावं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्याला एकच दिंडी होती आणि दिंडीशी आजी बसायची. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती तिथे, एकदाच. दूधवाल्याचं माप, भाजीवालीची मेथी, काकांच्या पिशवीतलं संशयास्पद पुडकं, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. तिनं एकदा मान हलवली की ती वस्तू माडीवर जावो, परसात जावो की माजघरात, पुन्हा कोणी विचारत नसे. जाडजूड पुस्तकं ज्याला सीमाशुल्क संघ म्हणतात, तो मला लहानपणीच असा फुकटात कळला. बाहेरून येणाऱ्या मालाला सगळ्यांची मिळून एकच जकात, आणि आत आल्यावर आपसात काही नाही.

आता समजा, तुम्हाला अशा घरातून वेगळं निघायचं आहे. निघा, जरूर निघा. रोज रोज दिंडीवर पिशवी उघडून दाखवायचा कंटाळा येतोच. फक्त एक करा, युरोपीय संघातून निघालेल्या ब्रिटनकडून शिका. इतक्या पद्धतशीरपणे वेगळं निघणारं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात मतदानानं करावी आणि दारं नंतर मोजावीत. २३ जून २०१६ ला त्यांनी कौल घेतला: ५१.९ टक्के निघूया म्हणाले, ४८.१ टक्के राहूया म्हणाले. बाहेर पडायचं ठरलं. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी राहूया म्हटलं होतं, पण एका खोलीनं काय म्हटलं हे अख्ख्या घराची बेरीज करताना बघायचं नसतं. मग नकाशा आणावा. नकाशात दिसतं की वेगळ्या निघणाऱ्या घराची आणि मागे राहणाऱ्या घराची जमिनीवरची भिंत मुख्यतः एकाच ठिकाणी लागते, आयर्लंड बेटावर: उत्तर ब्रिटनची, दक्षिणेत युरोपीय संघातच राहिलेला आयर्लंड देश. लांबी साधारण ५०० किलोमीटर. तिच्यावरून आरपार जाणारे रस्ते दोनशेहून अधिक. काही रस्ते तर जाणूनबुजून चेष्टा केल्यासारखे. क्लोन्सहून कॅव्हनकडे निघालात की दहाएक किलोमीटरांत सीमा चार वेळा ओलांडावी लागते. आपण कुठल्या देशात आहोत हे फक्त वेगाच्या पाटीवरून कळतं: मैल दिसले तर उत्तर, किलोमीटर दिसले तर दक्षिण.

आमच्याकडे काकांनी वेगळं निघायचं ठरवलं तेव्हा हाच नकाशा होता, फक्त लहान. काकांच्या वाटणीत मागची बाजू आली. तिकडून गल्लीत स्वतंत्र दार काढता येत होतं. पण त्याच वाटणीत माजघरही आलं, आणि माजघराचं दुसरं दार उघडतं चौकात, म्हणजे आजीच्या राज्यात. माजघरात आत्या राहायची. या माजघरावरून पूर्वी घरात बरंच झालं होतं. चौकाकडच्या दाराला किती तरी वर्षं कडी होती, आणि कडीवरून काय काय झालं ते इथे सांगत नाही. शेवटी मोठ्या मुश्किलीनं तोड निघाली: दोन्ही दारं उघडी राहतील, आत्या स्वतःला चौकातली म्हणवो, मागची म्हणवो की दोन्हीकडची, कोणी तिला टोकायचं नाही.

आयर्लंडची अशी तोड १० एप्रिल १९९८ ला निघाली, तिला गुड फ्रायडे करार म्हणतात. त्याआधीची राष्ट्रवादी (आयर्लंडशी एक व्हायचं म्हणणारे) आणि युनियनवादी (ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे) यांच्या संघर्षाची तीस वर्षं आणि साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू तिच्या मागे आहेत. फाळणी १९२१ ची, कस्टमच्या चौक्या १९२३ पासूनच्या. चौक्यांच्या काळात रस्त्यांच्याही दोन जाती होत्या, मान्य आणि अमान्य. जकातीचा माल फक्त मान्य रस्त्यानं न्यायचा. अमान्य रस्त्यानं अर्थातच बाकीचं सगळं जायचं, कधी लोणी, कधी गुरं, ज्या बाजूला भाव बरा त्या बाजूला. पुढे ब्रिटिश सैन्यानं त्यांतले पुष्कळ रस्ते खड्डे पाडून बंद केले, गावकरी रविवारी जमून ते बुजवू लागले. चौकी म्हटलं की वर्दी आली, वर्दी आली की निशाणा आला. १९७२ मध्ये न्यूरीच्या कस्टम कार्यालयात बॉम्ब फुटून नऊ जण गेले, त्यांत कस्टमचे कारकून होते आणि कागद करून घ्यायला आलेले ट्रकवालेही. कस्टमच्या चौक्या उठल्या त्या १९९३ मध्ये युरोपची एकच बाजारपेठ झाली तेव्हा, आणि सैनिकी चौक्या उठल्या करारानंतर. म्हणजे दार उघडण्यामागे करार होता आणि दोन्ही देश एकाच दिंडीच्या आत होते, हेही होतं. निघणाऱ्याला यातली दुसरी गोष्ट आठवू देऊ नये.

करार वाचण्याच्या भानगडीतही पडू नये. तो अवघा पस्तीसेक पानांचा आहे, पोहे संपेपर्यंत वाचून होईल. तरी डॉमिनिक राब, जे काही महिने ब्रेक्झिटचेच, म्हणजे या वेगळं निघण्याचेच, मंत्री होते, त्यांनी २०१९ मध्ये संसदीय समितीपुढे मान्य केलं की आपण तो सलग बसून वाचलेला नाही. त्याच्या आधीच्या वर्षी उत्तर आयर्लंडच्या मंत्री कॅरन ब्रॅडली यांनी प्रांजळपणे सांगितलं होतं की तिथले राष्ट्रवादी युनियनवाद्यांना मत देत नाहीत, हे आपल्याला ते खातं मिळेपर्यंत ठाऊक नव्हतं. इंदूरचा पालकमंत्री करावा आणि त्यानं विचारावं, हा राजवाडा म्हणजे नेमकं काय, त्यातली गत. पण यात एक फायदा आहे. माहिती नसली की आत्मविश्वासाला अडथळा राहत नाही.

आता मुख्य युक्ती. एकाच श्वासात तीन वचनं द्यायची. एक, आम्ही सीमाशुल्क संघातूनही निघणार आणि मालाचे नियम सगळ्यांचे एकच असलेल्या त्या एकच बाजारपेठेतूनही (हे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाउसच्या भाषणात स्पष्ट केलं). दोन, आयर्लंडमध्ये जमिनीवर चौकी येणार नाही. तीन, उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्ये, समुद्रातही, चौकी येणार नाही. तिन्ही वचनं सुंदर आहेत. कुठलीही दोन घ्या, नांदतात. तिन्ही एकत्र बसवलीत तर आमच्या काकांसारखं होतं. त्यांनी मागच्या दारानं पहिल्यांदा अंडी आणली, ती माजघरातून चौकात निघाली, आणि आजी खुर्चीवरून न उठता एवढंच म्हणाली, "माझ्या चौकात ते येणार नाही. कुठल्या दाराशी अडवायचं ते तुम्ही बघा."

तेवढाच प्रश्न होता. चौकाच्या दाराशी अडवायचं की काकांच्या. काका म्हणाले, कुठल्याच नाही, आपण काहीतरी आधुनिक करू.

आधुनिक हा शब्द लक्षात ठेवा. लंडनमध्ये त्याला तंत्रज्ञान म्हणत. कॅमेरे असतील, ट्रकवर चिपा असतील, भरवशाच्या व्यापाऱ्यांची यादी असेल, सीमा असेल पण दिसणार नाही. बोरिस जॉन्सन परराष्ट्रमंत्री असताना २०१८ मध्ये म्हणाले होते की लंडनच्या कॅम्डेन आणि वेस्टमिन्स्टरमध्ये तरी कुठे सीमा आहे, तरी गर्दीच्या भागात गाडी नेण्याचा कर आपोआप कापला जातोच की. पलासियाहून राजवाड्याला जाताना कोणी थांबवतं का भिया, तसंच. कोणी नॉर्वे-स्वीडनचं नाव काढलं तर विषय बदला. नॉर्वे युरोपच्या बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही, दोघांत शतकभराची मैत्री आणि उत्तम यंत्रणा आहे, तरी स्विनेसुंदच्या सीमेवर ट्रक थांबतो आणि कागद दाखवतो. तुर्कस्तानचं उलट, युरोपशी सीमाशुल्क संघ आहे पण बाजारपेठेत नाही, आणि बल्गेरियाच्या हद्दीवर त्याच्या ट्रकांच्या रांगा लागतात. थोडक्यात जकात भरली का हे विचारायला एक माणूस लागतो आणि माल नियमात बसतो का हे विचारायला दुसरा. दोघांनाही घरी पाठवायचं तर दोन्ही बंधनं लागतात. इंदूरकराला हे वेगळं समजवायला नको. जीएसटीच्या आधी सेंधव्याच्या नाक्यावर ज्याचा महाराष्ट्रातून येणारा माल अडकून पडला आहे, त्यानं एका रात्रीत यावर प्रबंध लिहिला असता.

मालाची समजूत मात्र तुम्हाला घालता येणार नाही, कारण माल भाषण ऐकत नाही. उत्तर आयर्लंडच्या गोठ्यातलं साधारण एक तृतीयांश दूध प्रक्रियेला दक्षिणेत जातं. डब्लिनमध्ये बनवलेली गिनेस बिअर टँकरनं बेलफास्टला जाते, तिथे डबे-बाटल्यांत भरली जाते, आणि निर्यातीसाठी पुन्हा डब्लिनच्या बंदराकडे येते. प्यायच्या आधीच तिला एवढी चक्कर. या प्रत्येक फेरीत उत्पत्तीचा दाखला, पशुवैद्याची सही आणि जकातीचा आकडा मागायचा झाला, तर दुधाचं दही वाटेतच लागेल.

म्हणून मग तोडगे काढावेत आणि पाडावेत. मे बाईंनी बॅकस्टॉप नावाची तजवीज केली. दुसरं काही जमेपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपशी सीमाशुल्काच्या एका छपराखाली राहील, म्हणजे निघालो तरी दिंडी तीच. संसदेनं १५ जानेवारी २०१९ ला करार २३० मतांच्या फरकानं फेटाळला. पुढे आणखी दोनदा फेटाळला, एकदा ऐकू आलं नसेल म्हणून.

मग जॉन्सन पंतप्रधान झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये, पंतप्रधान व्हायच्या आधी, ते बेलफास्टला उत्तर आयर्लंडमधल्या युनियनवादी डीयूपी पक्षाच्या अधिवेशनात सांगून आले होते की समुद्रातली सीमा कुठलंही हुजूर पक्षाचं सरकार मान्य करणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्या हुजूर सरकारनं ती मान्य केली. पुढच्याच महिन्यात उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना ते म्हणाले, कोणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करा, मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगेन. हा सल्ला मी तुम्हाला अगदी मनापासून देतो. १ जानेवारी २०२१ पासून फॉर्म सुरू झाले. डबे कमी पडले असणार.

आता तुमची सीमा माजघर आणि मागची खोली यांच्या मध्ये आली. म्हणजे तुमच्याच घरात. आणि ती आत्याला दिसते, कारण तिचीच भाजी अडते. स्कॉटलंडचे बियाण्याचे बटाटे उत्तर आयर्लंडला जाईनात. गार सॉसेज जायचं की नाही यावर दोन बाजूंचे बडे अधिकारी इतके भांडले की वर्तमानपत्रांनी त्याला सॉसेज युद्ध म्हटलं. जागतिक महासत्ता म्हणून मिरवलेल्या देशाला सॉसेजवर युद्ध करायची वेळ आली, पण आपण हसू नये. आपल्याकडे शेव कुठली खरी, रतलामची की इंदूरची, यावर घरं तुटतात. डीयूपी तर इतकी चिडली की फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारातून बाहेर पडली आणि स्टॉरमंटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार दोन वर्षं बंद पडलं. याच डीयूपीनं २०१७ मध्ये आपल्या दहा खासदारांच्या टेकूवर मे बाईंचं सरकार उभं ठेवलं होतं. टेकू देताना आपल्या खोलीवर कुठलं छप्पर येणार आहे हे विचारायचं असतं. विचारलं असतं तर टेकूची किंमत वाढली असती.

आणि यानंतर येतो खरा कळस, तो माझ्या काकूनं वीसएक वर्षं आधी शोधला होता. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालून घ्यायची पद्धत, बोहारणीकडून घेतलेल्या वाटीवरसुद्धा. काकूनं एका स्टीलच्या डब्यावर नावाच्या खाली आणखी एक ओळ कोरून घेतली: चौकात नेऊ नये. त्या डब्यात अंड्याची करी असे. डबा मागच्या दारानं माजघरात यायचा, आत्या चापून जेवायची, आणि चौकातून आजी तो डबा बघून न बघितल्यासारखं करायची. २७ फेब्रुवारी २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन देर लायन यांनी विंडसरला जाहीर केला तो हाच डबा. उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या रांगेत, पुढे दक्षिणेला जाऊ शकणारा लाल रांगेत, आणि हिरव्या रांगेतल्या कित्येक खाद्यपदार्थांवर ठसठशीत अक्षरं, युरोपीय संघासाठी नाही. जगभरचे कायदेपंडित सात वर्षं बसले आणि काकूच्या डब्यापाशी आले. काकूचं पेटंट घ्यायचं राहून गेलं.

म्हणून निघणाऱ्यानं कोरणी जवळ ठेवावी, आणि हा डबा तात्पुरता आहे असं सांगत राहावं. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉरमंटच्या सभागृहानं ही व्यवस्था चालू ठेवायला ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली. दोन्ही समाजांचा कौल एकत्र पडला नाही, म्हणून चार वर्षांनी पुन्हा विचारणार. डब्याला मुदतवाढ मिळाली, एवढंच.

काका आता नाहीत, आजीही नाही. दिवाळीत रामबागेत गेलो तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. चुलतभाऊ कोपऱ्यात उभा राहून, कुठलं दार काढून टाकावं म्हणजे एसीची गार हवा बाहेर जाणार नाही, याचा विचार करत होता. आत्यानं कोणाचं ऐकून घेतलं नाही. तिनं आपली खाट ओढत ओढत आणली आणि माजघराच्या चौकाकडच्या उंबऱ्यावर आडवी टाकली, अर्धी आत, अर्धी बाहेर. दार लावायला जागाच उरली नाही. मग उशाला तोच डबा घेऊन ती झोपली. त्यात आता शंकरपाळे असतात.