अनुभव काय बर्डीच्या बाजारात विकत मिळतो?

आज एका ओळखीच्या गृहस्थांनी ऐकवलं, "आजकालच्या पोट्ट्यांना कामच करायचं नाही." चारचौघांत भांडण नको म्हणून तिथे गप्प बसलो. इथे गप्प बसणार नाही.

माझी पुतणी यंदा नागपूर विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात लॅबसाठी मुलाखत होती. जाहिरातीत 'फ्रेशर चालेल' असं स्वच्छ लिहिलेलं. पोरगी मानेवाड्याहून सकाळीच निघाली. पहिला प्रश्न, "अनुभव किती?" दुसरा, "लग्नाचं काय?" केमिस्ट्रीचा एकही नाही! रात्र जागून टायट्रेशनपासून एचपीएलसीपर्यंत लॅबमधल्या सगळ्या चाचण्या वाचून गेली होती ती. शेवटी म्हणाले, तीन महिने बिनपगारी या, ओरिजिनल मार्कशीट आमच्याकडे ठेवा, मग बघू.

मार्कशीट ठेवून घेणारे हे कोण? गहाण ठेवायला शिकवलं का पोरीला?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. शिकणाऱ्याला स्टायपेंड द्यायचा असतो, हे या मालकांना माहीत नाही असं कोणी मला सांगू नये. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये, आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. चांगलं केलं. पण बाराव्या महिन्यात पोरं पुन्हा घरी. नागपूरच्या मिहान प्रकल्पात आयटी कंपन्या आल्या, तेही चांगलंच. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनी कुठे जायचं? रोज संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरून आपलीच पोरं जातात ना!

हो, काहींना साधा अर्ज धड लिहिता येत नाही, मान्य. पण जर्नल उतरवून घेऊन पास करणारी कॉलेजं कोणाची? पोरांची नाहीत.

आमच्या पोरीने बिनपगारी यायला नाही म्हटलं. घरी आल्यावर आधी फाइल उघडून मार्कशीट मोजल्या, सगळ्या आहेत ना म्हणून. मग आईला म्हणाली, "जेवायला वाढ." तिला आळशी म्हणणाऱ्याने एकदा माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

राग आला म्हणून लिहीत सुटलो, पण खरं तर तुम्हालाच विचारायचं होतं. माझ्या मित्रयादीत कितीतरी जण स्वतःचा धंदा करता, कोणाची लॅब आहे, कोणाचं सीएचं ऑफिस. नवीन पोरगं घ्या, शिकवा, पहिल्या महिन्यापासून पगार द्या. थोडा द्या, पण द्या. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, कुठेही जागा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पुतणीचा बायोडाटा आहेच, तिच्या मैत्रिणींचेही पाठवतो.